क्लचचं बोलणं : कानाने ऐकावं, पायाने समजावं

गाडी बंद पडायच्या आधी बोलते. ब्रेक किंचाळतात, पट्टा चिरकतो, शॉकअप खड्ड्यात दणका देतो. पण सगळ्यात जास्त बोलणारा आणि सगळ्यात कमी समजला जाणारा भाग म्हणजे क्लच. तो एकाच वेळी दोन भाषांत बोलतो. एक कानाला कळते, दुसरी डाव्या पायाला. आपल्यासारख्या मराठी-कन्नड घरांना दोन भाषांचं नवल नाही. तरीही क्लचच्या बाबतीत बहुतेकजण एकच भाषा ऐकतात. आवाज आला की घाबरतात आणि पाय काय सांगतोय तिकडे लक्ष देत नाहीत.

आदिलाबादला माझं छोटं गॅरेज आहे. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणून आमच्याकडे जैनथ, बेला, तामसी भागातले शेतकरी मराठीत बोलतात, पोरं तेलुगूत हाका मारतात आणि जुने उस्ताद अजून दखनीतच ‘प्लेट जल गई’ म्हणतात. आमच्या घरात त्यात कन्नडची भर आहे, कारण अक्का बीदरला दिली. १९५६ पर्यंत आदिलाबाद, नांदेड आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते. नंतर राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सोयरिकी तशाच राहिल्या.

मागच्या संक्रांतीला अक्का, दाजी आणि भाचा आमच्याकडे आले ते एका निळ्या स्पोर्टी गाडीतून. गाडी भाच्याच्या ऑफिसातल्या मित्राची, दोन दिवस चालवून बघायला आणलेली. पसंत पडली तर घ्यायची होती. हैदराबादहून सुमारे ३०० किलोमीटर ती झकास आली. निर्मळ सोडल्यावर महबूब घाटाच्या चढाला तिने काय जोर दाखवला, हे भाचा तीळगूळ खाताखाता तीनदा सांगून झाला. पण गाडी अंगणात उभी असताना तिच्या पोटातून खळखळ आवाज येत होता. डब्यात खिळे हलवल्यासारखा.

“मामा, आवाज सोडला तर गाडी एक नंबर आहे,” भाचा म्हणाला. “मित्र म्हणतो स्पोर्ट्स गाड्यांचा असाच आवाज असतो. खरं का?”

प्रश्न साधा होता, पण त्यामागे बरंच काही होतं. अक्का शाळेत शिक्षिका. दाजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, आणि नेते तीच. घरात दोन गाड्या ठेवण्याची ऐपत नाही. ही घ्यायची तर जुनी विकायची. भाचा हैदराबादला भाड्याच्या खोलीत राहतो, तिथे गाडी ठेवायला जागा नाही. म्हणजे सोमवार ते शुक्रवार ही गाडी बीदरलाच राहणार आणि अक्का चालवणार. तेव्हा आवाज कसला, हे नीट कळणं गरजेचं होतं.

क्लच करतो तरी काय?

इंजिन सुरू असेपर्यंत फिरतच असतं, चाकं मात्र सिग्नलला थांबवावी लागतात. या दोघांना जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं. त्याला लागून क्लच प्लेट, जिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकच्या लायनरसारखं अस्तर असतं. तिच्या मागे प्रेशर प्लेट, जी बशीच्या आकाराच्या स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकून त्या स्प्रिंगच्या पाकळ्या दाबतं. पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पेडल सोडलं की पुन्हा पकड.

जात्याची वरची तळी फिरते आहे आणि खालची सुटी आहे, अशी कल्पना करा. वरची हळूहळू खाली टेकवली तर खालचीही फिरू लागेल. एकदम टाकली तर दणका बसेल. क्लच सोडणं म्हणजे ही तळी टेकवणं. ज्या उंचीवर ती टेकू लागते, तिला आम्ही ‘क्लच धरतो ती जागा’ म्हणतो. नवशिक्याला शिकवायचं ते हेच. मराठीत आपण म्हणतो ‘सावकाश सोड’. बीदरकडच्या कन्नडमध्ये अक्का म्हणते, ‘सावकाश बिडप्पा’. शब्दही तोच आणि सल्लाही तोच.

स्पोर्ट्स गाडीचा क्लच वेगळा का?

आपल्या मुलखातही जोरकस, हाताने गिअर टाकायच्या गाड्या बनल्या आहेत. बेंगळुरूच्या सॅन उद्योगाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची दोन आसनी छोटी स्पोर्ट्स गाडी बनवली. तिचं अंग फायबरचं आणि इंजिन फ्रान्सच्या रेनोचं होतं. २००१ साली फियाटची पालिओ आली. तिच्या १.६ लिटर इंजिनची ताकद १०० अश्वशक्तीच्या घरात होती. २००४ साली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, दीडशे अश्वशक्तीची, टर्बो पेट्रोलची. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला आहे. फियाटने २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो काढली. या सगळ्यांना डावीकडे तिसरं पेडल होतं.

इंजिनचा पीळ जितका जास्त, तितकी प्लेट घट्ट दाबून धरावी लागते. नाहीतर ती घसरते. घट्ट दाबायचं म्हणजे कडक स्प्रिंग, आणि कडक स्प्रिंग म्हणजे जड पेडल. कारखानेवाले पेडलची तरफ आणि तेलाचा दाब यांचा मेळ घालून ते जडपण कमी करतात. पण एका ठिकाणी कमी केलेलं दुसरीकडे वाढतं. पेडल हलकं केलं की ते जास्त लांब दाबावं लागतं.

दुसरी गोष्ट प्लेटची. घरगुती गाडीच्या प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मधे लाटेसारखा वाकवलेला पातळ पत्रा असतो. त्यामुळे पकड उशीवर बसल्यासारखी हळुवार येते. शर्यतीच्या प्लेटमध्ये ही उशी कमी किंवा नसतेच, आणि अस्तराच्या जागी धातूच्या भुकटीच्या किंवा सिरॅमिकच्या वड्या असतात. त्या उष्णता सोसतात, पण धरतात त्या एकदम. पोर्शच्या करेरा जीटी या गाडीला सिरॅमिकचा दुहेरी क्लच होता. त्याचा व्यास फक्त १६९ मिलिमीटर, म्हणजे लहान बशीएवढा. गाडी जगातल्या वेगवान गाड्यांपैकी एक, पण जागेवरून हलवताना भल्याभल्यांच्या हातून ती बंद पडायची.

तिसरी गोष्ट फ्लायव्हीलची, आणि आवाजाचं मूळ बहुधा इथेच असतं.

खळखळ कुठून येते?

इंजिनचं फिरणं आपल्याला सलग वाटतं, पण ते धक्क्याधक्क्याने चालतं. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के बसतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे २७ धक्के झाले. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असतं तेव्हा गिअरबॉक्सचा मुख्य दांडा इंजिनबरोबर फिरत असतो. त्याच्यामुळे फिरणारे काही गिअर त्या वेळी बिनकामाचे, सुटे असतात. दात फिरायला थोडी फट लागतेच. सेकंदाला २७ धक्के बसले की हे सुटे दात त्या फटीत एकमेकांवर आपटतात, जशा हातातल्या बांगड्या चालताना वाजतात. हीच ती खळखळ.

ती दाबण्यासाठी एकाऐवजी दोन भागांचं, मधे स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील वापरतात. जर्मनीच्या लुक कंपनीने १९८५ साली ते मोटारींसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. इंजिनचे धक्के त्या स्प्रिंगांत जिरतात आणि गिअरबॉक्स शांत राहतो. पण ते जड आणि महाग असतं, आणि झिजलं की स्वतःच वाजू लागतं. म्हणून शर्यतीच्या शौकिनांना एकसंध हलकं फ्लायव्हील आवडतं. त्याने इंजिन चटकन चढतं, चटकन उतरतं आणि उभं असताना खळखळतं. पोर्शने २०१६ च्या ९११ आर या गाडीत असं हलकं फ्लायव्हील मागणीनुसार दिलं होतं. लाखमोलाची गाडी सिग्नलला खळखळत उभी असे आणि मालकाला त्याचा अभिमानही वाटे!

तेव्हा भाच्याच्या मित्राचं म्हणणं खोटं नव्हतं. काही स्पोर्ट्स गाड्यांचा असा आवाज असतोच. पण ‘असाच असतो’ हे वाक्य जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडून आलं की ते तपासून घ्यावं.

घरच्या घरी करायची तपासणी

त्या दिवशी अंगणात जे केलं ते कुणालाही करता येईल. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम, पंखा-एसी-रेडिओ बंद, काचा खाली.

पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि पूर्ण दाबल्यावर थांबतो, तर तो गिअरबॉक्सच्या बाजूचा. मग अॅक्सिलरेटर किंचित द्या. थोडे फेरे वाढताच खळखळ विरली तर ती सुट्या गिअरची. उलट, घरघर फेऱ्यांबरोबर चढत गेली तर मुख्य दांड्याचं बेअरिंग संशयित.

पेडल सोडलेलं असताना शांत, दाबल्यावर चिरचिर किंवा घूंघूं, तर रिलीज बेअरिंग. हे आज चालतं आणि उद्या जाम होतं. जाम झालं की गिअर टाकता येत नाही, मग गाडी घाटात असो की दवाखान्याच्या दारात.

गाडी हलताना थरथरते, तर प्लेटला तेल लागलेलं असू शकतं, फ्लायव्हीलवर जळाल्याचे डाग असतील किंवा इंजिनचे रबरी माउंट गेलेले असतील. अॅक्सिलरेटर देता-सोडताना ‘टण’ असा आवाज आला, तर माउंट, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे किंवा दोन भागांचं फ्लायव्हील बघावं.

चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही आणि करपट वास येतो, तर क्लच घसरतोय. रिव्हर्स टाकताना कर्रर्र होत असेल तर आधी पेडल दाबून दोन-तीन सेकंद थांबून बघा. अनेक गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवणारी पितळी कडी नसते. थांबूनही कर्रर्र होत असेल तर क्लच पुरता सुटत नाही. आणि रिव्हर्समध्ये जाताना येणारा ‘ऊंऽऽ’ हा आवाज रोग नव्हे. त्या गिअरचे दात बहुधा सरळ कापलेले असतात, बाकीच्यांचे तिरके. तिरके दात हळूहळू जुळतात म्हणून शांत, सरळ दात एकदम जुळतात म्हणून गातात.

निकाल काय लागला?

निळ्या गाडीची खळखळ पेडल दाबताच थांबली. अॅक्सिलरेटर किंचित देताच विरली. रिलीज बेअरिंग शांत होतं. म्हणजे आवाज सुट्या गिअरचा. पण त्या मॉडेलला कारखान्यातून दोन भागांचं फ्लायव्हील येतं, मग एवढी खळखळ का? भाच्याने मित्राला फोन लावला. जुनी बिलं फोनवर आली, तेव्हा उलगडा झाला. त्याच्याही आधीच्या मालकाने इंजिनचा जोर वाढवला होता, मूळ क्लच घसरू लागला, म्हणून त्याने हलकं एकसंध फ्लायव्हील आणि कडक प्रेशर प्लेट बसवली होती.

“म्हणजे बिघाड नाही?” भाच्याचा चेहरा खुलला.

“आवाजात बिघाड नाही,” मी म्हणालो. “आता अक्काला चालवू दे.”

जानेवारी म्हणजे आमच्याकडे कापसाचे दिवस. मार्केट यार्डाच्या रस्त्याला ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्या यांची रांग लागलेली. मी मुद्दामच अक्काला तिकडे वळायला सांगितलं. भाचा मागे बसला. रांगेत दहा पावलं पुढे, थांबा, पुन्हा दहा पावलं. पेडल जड होतं आणि क्लच अगदी वरच्या टोकाला, तोही एकदम धरत होता. दोनदा गाडी उसळून बंद पडली. अक्का तक्रार करणाऱ्यांतली नाही. पण दहा मिनिटांनी तिने डावा हात स्टिअरिंगवरून काढून गुडघ्यावर ठेवला आणि पेडल दाबताना हातानेही गुडघा दाबू लागली. त्या गुडघ्याची झीज दोन वर्षांपासून आहे.

कुणी काही बोललं नाही. परत येताना भाचा म्हणाला, “अव्वा, तू बीदरला रोज अशी चालवणार?”

“सवय होईल रे,” अक्का म्हणाली.

“दाजींना घेऊन दवाखान्यातून परत येताना संध्याकाळची गर्दी असते,” मी एवढंच म्हणालो.

रात्री जेवणानंतर दाजी स्वतःच बोलले. “गाडी चांगली आहे, पण ती एकट्याची आहे. आपल्याला घराची पाहिजे.” मूळ पद्धतीचा क्लच आणि फ्लायव्हील परत बसवता आलं असतं. मी हिशेब करून दिला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी, नवं दोन भागांचं फ्लायव्हील, पूर्ण क्लच सेट. शिवाय वाढवलेल्या जोराखाली तो मूळ क्लच पुन्हा घसरला असता, म्हणजे इंजिनही मूळ पदावर आणायचं. तो आकडा बघून भाच्याने वही मिटली. दुसऱ्या दिवशी गाडी मित्राकडे परत गेली. भाच्याला वाईट वाटलं, आणि वाटणारच. पंचविशीत अशा गाडीचं वेड नसलं तर कधी असणार? मी त्याला म्हटलं, “तुझी एकट्याची गाडी घेशील तेव्हा ही खळखळ मुद्दाम घे. तेव्हा मी प्लेट फुकट बसवून देईन.” मार्च महिन्यात त्यांनी आपोआप क्लच दाबणारी साधी गाडी घेतली. दाजींच्या दवाखान्याच्या फेऱ्या आता त्याच गाडीतून होतात.

तिसऱ्या पेडलचे दिवस

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने क्लचचं काम यंत्राकडे देणारा स्वस्त गिअरबॉक्स सामान्य घरांत आणला. २०२० साली ह्युंदाईने गिअर हाताने टाकायचे पण क्लच पेडलच नाही, अशीही गाडी आणली. गुडघेदुखीवाल्यांची सोय झाली, हे चांगलंच. पण आपल्या भागात जुन्या गाड्या खूप आहेत आणि मुलं अजून त्यांवरच शिकतात. म्हणून काही सवयी सांगून ठेवतो.

पेडलवर पाय विसावून गाडी चालवू नका. रिलीज बेअरिंग विनाकारण झिजतं. चढावर गाडी हाफ क्लचवर धरू नका, त्यासाठी हँडब्रेक आहे. रांगेत जास्त वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रल करा, पेडल सोडा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं तेल एकाच डबीतून जातं. डबीची पातळी उतरत असेल तर दोन्हीकडे बघा. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. एक वाचवायला गेलात तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

आणि जुनी गाडी घेताना ती फक्त हायवेवर पळवून बघू नका. घरात जो माणूस ती रोज चालवणार आहे त्याला, किंवा तिला, बाजाराच्या गर्दीत अर्धा तास चालवायला द्या. आवाजाचं निदान आम्ही मिस्त्री करून देऊ. पायाचं निदान ज्याचा पाय त्यालाच करता येतं. तो माणूस घरातला सगळ्यात कमी बोलणारा असेल, तर बाकीच्यांनी त्याच्या गुडघ्याकडे लक्ष ठेवावं.